वसईचे संत गोन्सालो गार्सिया : वसई ते नागासाकी, तपशील आणि नेहमीच्या चुका (चर्चा)

बंदरदरवाजा

फेब्रुवारी जवळ आला की वसईच्या धर्मग्रामांत संत गोन्सालो गार्सियांवर फलक रंगतात, पथनाट्ये बसतात, सजीव देखाव्यांची तयारी सुरू होते. बहुतेक ठिकाणी कथा तीन वाक्यांत संपते: वसईत जन्मले, जपानला गेले, क्रूसावर मेले. मधली पंचवीस वर्षे कोणी सांगत नाही, आणि या माणसाचे सगळे काम त्याच पंचवीस वर्षांतले आहे. ते धर्मगुरू नव्हते, संस्थाप्रमुख नव्हते, पंडित नव्हते. त्यांना जपानी येत होते. मनिलाहून जपानला आलेल्या फ्रान्सिस्कनांचे (संत फ्रान्सिसच्या संघातले मिशनरी) तोंड आणि कान म्हणजे गोन्सालो. हा मुद्दा धरून फलक लिहिला तर तो इतर पन्नास फलकांसारखा होणार नाही. म्हणून हा धागा. आधी कालक्रम मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी.

वसई १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. गोन्सालोंचा जन्म साधारण १५५६-५७ चा, म्हणजे पोर्तुगीज अंमलाला विसेक वर्षे झालेली. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) शिक्षण. फादर सेबास्तियन गोन्साल्विस हे त्यांचे शिक्षक. पंधरा-सोळाव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, येशूसंघीयांबरोबर जपान. तिथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम. भाषा पुस्तकातून नाही, वस्त्यांमधून फिरून आली.

येशूसंघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते बाहेर पडले आणि व्यापारात उतरले, चांगला जम बसवला. व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला जाणे-येणे झाले, तिथे अनवाणी फ्रान्सिस्कनांशी संबंध आला, आणि १५८७-८८ च्या सुमारास धंदा सोडून ते त्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्तांबरोबर दुभाषी म्हणून पुन्हा जपान. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूसावर मारलेल्या २६ ख्रिस्ती जणांत त्यांचा अंत झाला. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केले, ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले.

फलकांवर हमखास दिसणारी चूक म्हणजे 'फादर गोन्सालो गार्सिया'. त्यांना गुरुदीक्षा नव्हती. मिस्सा अर्पण करताना किंवा पापनिवेदन ऐकताना त्यांना दाखवू नका.

आगाशीकर

चांगला धागा. प्रवासाबद्दल भर घालतो, कारण नाटकात 'वसईहून जहाज निघाले आणि जपानला लागले' असे एका प्रवेशात उरकतात.

वसईहून आधी गोवा. गोव्याहून मोठे जहाज एप्रिल-मेच्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर सुटायचे. मलाक्का करून मकावला जुलै-ऑगस्टमध्ये. मकावला पोचेपर्यंत जपानकडे नेणारा नैर्ऋत्य वारा संपत आलेला असे, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच मुक्काम. या मुक्कामात चिनी रेशीम खरेदी व्हायचे, कारण जपानात ते विकून चांदी घ्यायची हाच त्या जहाजाचा मुख्य धंदा. मिशनरी त्या व्यापारी जहाजावरचे प्रवासी. पुढच्या जून-जुलैत मकाव सोडले की जपान. एकूण सव्वा वर्षाच्या आसपास, काही बिघडले नाही तर.

नागासाकी हे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी सुरू झाले १५७१ मध्ये, ओमुराच्या सरदारामुळे. म्हणजे गोन्सालो जपानात पोचले तेव्हा ज्या गावात पुढे ते मेले ते गाव जेमतेम वर्षभराचे होते. १५८० मध्ये ते येशूसंघाच्या ताब्यात गेले, १५८७ नंतर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने काढून घेतले. धंदा करताना गोन्सालोंनी हे सगळे जवळून पाहिले असणार.

शंकासुर

दोन शंका.

एक, आईवडील. कुठे वडील पोर्तुगीज आणि आई वसईची असे लिहितात, कुठे दोघेही स्थानिक. नक्की काय?

दोन, 'पहिले भारतीय संत' हा दावा. संत अल्फोन्सांबद्दलही वर्तमानपत्रांत हेच छापून येते.

मियाको

शंकासुरजी, पहिल्याचे उत्तर: बहुतेक चरित्रांत वडील पोर्तुगीज आणि आई इथली असे आहे. आईसाठी जुन्या लिखाणात 'कनारीम' असा शब्द येतो, आणि पोर्तुगीज तो कोकणपट्टीतल्या स्थानिकांसाठी सरसकट वापरत. त्यावरून कोणत्याही एका समाजाचे नाव काढू नये. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, सगळ्यांना ते आपले वाटतात, वाटू द्यावे. फलकावर मात्र जात लिहू नका. त्याला आधार नाही आणि वाद मात्र सणाच्या दिवशी होतो.

दुसऱ्याचे: भारतात जन्मलेल्यांत संतपद मिळालेले पहिले गोन्सालो, १८६२. अल्फोन्सांना २००८ मध्ये मिळाले, त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ २०१५, तमिळ प्रापंचिक (धर्मगुरू किंवा संघातले नसलेले) हुतात्मा देवसहायम २०२२. वर्तमानपत्रांचा गोंधळ 'स्त्री' हा शब्द गळल्यामुळे होतो.

आता माझा मुद्दा. गोन्सालोंना येशूसंघाने घेतले नाही आणि ते फ्रान्सिस्कनांकडे गेले, हे वाक्य लहान आहे पण त्याच्यामागे मोठे भांडण आहे. ते कळल्याशिवाय १५९७ कळत नाही.

जपान पोर्तुगीज वाटणीत धरले जाई आणि फिलिपिन्स स्पॅनिश. १५८० नंतर दोन्ही राजमुकुट स्पेनच्या फेलिपे दुसऱ्याच्या डोक्यावर आले, तरी साम्राज्ये वेगळीच ठेवली गेली. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे काम फक्त येशूसंघाकडे ठेवले. मनिलाच्या फ्रान्सिस्कनांना हे मान्य नव्हते. त्यात १५८७ च्या जुलैत हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. पण व्यापार हवा असल्यामुळे तो काटेकोर राबवला नाही, आणि येशूसंघीय डोके खाली घालून, कमी गाजावाजा करून काम करत राहिले. अशा वेळी १५९३ मध्ये मनिलाहून अनवाणी फ्रान्सिस्कन येतात, तेही वकिलात म्हणून. येशूसंघीयांच्या दृष्टीने ही मंडळी उघड्यावर घंटा वाजवून सगळ्यांनाच अडचणीत आणणारी. फ्रान्सिस्कनांच्या दृष्टीने येशूसंघीय भित्रे. दोन्ही बाजूंची पत्रे वाचली की एकाच शहराबद्दल लिहिताहेत यावर विश्वास बसत नाही.

बंदरदरवाजा

आणि मध्ये गोन्सालो. जन्माने पोर्तुगीज प्रजा, शिकवण येशूसंघाची, झगा स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचा.

वकिलातीचा भाग जरा सविस्तर हवा. हिदेयोशीने फिलिपिन्सकडे निरोप धाडला होता की शरण या, नाहीतर सैन्य पाठवतो. मनिलाच्या गव्हर्नरने १५९२ मध्ये आधी डोमिनिकन फादर हुआन कोबोंना पाठवले. परतताना फोर्मोसाजवळ (आजचे तैवान) त्यांचे जहाज फुटले आणि ते दगावले, त्यामुळे हिदेयोशी नेमके काय म्हणाला हे मनिलाला नीट कळलेच नाही. म्हणून १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता. भेट क्योतोत झाली नाही. कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशीने क्युशूच्या उत्तर टोकाला हिझेन प्रांतात नागोया नावाचा तळ उभारला होता, तिथे झाली. आजच्या मोठ्या नागोया शहराशी त्याचा संबंध नाही. नकाशावर बाण काढताना हटकून ही चूक होते.

बाउतिस्तांना जपानी येत नव्हते. समोर शरणागती मागणारा सत्ताधीश, मागे शरण जायचे नाही आणि भांडायचेही नाही असे सांगणारा गव्हर्नर. दोन्हीकडचे शब्द वळवून सांगण्याचे काम चाळिशीकडे झुकलेल्या, कोणतेही पद नसलेल्या एका ब्रदरकडे. दरबारात प्रत्यक्ष आवाज त्यांचा होता. भेट निभावली, राहायला परवानगी मिळाली, क्योतोत जागा मिळाली. १५९४ मध्ये तिथे देवदूतांच्या राणीचे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी संत ॲना व संत योसेफ यांच्या नावाने दोन रुग्णालये. नाटकात एकच जास्तीचा प्रवेश घालता येणार असेल तर क्रूसाऐवजी हा दरबार घाला, असे माझे मत.

घंटाघर

दरबाराचा प्रवेश बसवताना हिदेयोशीला 'सम्राट' म्हणू नका. सम्राट क्योतोत वेगळा होता. हिदेयोशी शोगुनही नव्हता. तो तेव्हा 'ताइको' म्हणून ओळखला जाई. मराठीत 'सत्ताधीश' किंवा सरळ 'हिदेयोशी' पुरते.

शंकासुर

मग १५९३ ला परवानगी देणारा माणूस १५९६ च्या डिसेंबरात अटक का करतो? 'धर्मद्वेष' हे उत्तर पटत नाही, कारण द्वेष असता तर तीन वर्षे थांबला नसता.

मियाको

बरोबर. तीन-चार गोष्टी एका मोसमात जमल्या.

सप्टेंबर १५९६ मध्ये मोठा भूकंप झाला, हिदेयोशीचा फुशिमीचा नवा किल्ला कोसळला. पाठोपाठ चीनशी चाललेली तहाची बोलणी फिसकटली आणि कोरियावर दुसऱ्या स्वारीची तयारी सुरू झाली. म्हणजे पैसा हवा, तोही लगेच. अशात १९ ऑक्टोबरला 'सान फेलिपे' हे मनिलाहून आकापुल्कोला निघालेले गलबत वादळाने मोडून शिकोकूच्या तोसा प्रांतात उराडो इथे रुतले. मालाची किंमत दहा लाख पेसोंहून अधिक. तोसाचा सरदार चोसोकाबे मोतोचिका याने वर कळवले, हिदेयोशीने आपला अधिकारी माशिता नागामोरी याला पाठवले, माल जप्त.

इथे ते प्रसिद्ध वाक्य येते. गलबताच्या सुकाणूवाल्याने म्हणे नकाशा पसरून स्पेनचे राज्य केवढे पसरले आहे ते दाखवले, आणि आधी मिशनरी जातात, मागून सैन्य येते अशा अर्थाचे काही बोलला. येशूसंघीयांच्या बाजूने हे ठासून सांगितले जाते. फ्रान्सिस्कन बाजू म्हणते की पोर्तुगीजांनीच दरबारात स्पॅनिश लोक चाचे आहेत, दुसऱ्यांचे देश घेतात असे भरवले. हे वाक्य नाटकात घ्यायचे तर घ्या, पण एकट्या त्याच्यावर सगळा दोष टाकू नका. जप्तीचा निर्णय माल पाहून झाला. जप्तीला कारण लागते, आणि बंदी असलेला धर्म उघडपणे शिकवणारे परदेशी हे तयार कारण होते. शिक्षेच्या फलकावरही तेच लिहिले होते: हे लोक फिलिपिन्सहून वकील म्हणून आले आणि मी मना केलेला धर्म क्योतोत शिकवत राहिले.

बंदरदरवाजा

८ डिसेंबरच्या सुमारास क्योतो-ओसाकातल्या घरांवर पहारे बसले. सुरुवातीची यादी बरीच लांब होती. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने ती कापत कापत २४ वर आणली. ओसाकात येशूसंघाचे तिघे सापडले: पॉल मिकी, गोतो बेटांवरचे योहान आणि दिएगो किसाई. यादीत एक मातियास नावाचा स्वयंपाकी होता, तो घरी सापडला नाही. शेजारचा त्याच नावाचा माणूस पुढे आला, 'मीही मातियास, मीही ख्रिस्ती', आणि शिपायांनी त्यालाच नेले. संख्या भरायची होती.

हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. मित्सुनारीने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर आणला. ३ जानेवारी १५९७ ला क्योतोत ते झाले. मग बैलगाड्यांतून धिंड, एका गाडीत तिघे, आठ गाड्या. क्योतो, ओसाका, साकाई. देखाव्यात गाडी दाखवणार असाल तर गाडीपुढे फळीवर शिक्षेचा मजकूर धरणारा माणूस हवाच, ती त्या धिंडीची मुख्य वस्तू होती.

नकाशेवाला

मार्ग देतो, फलकावर नकाशा काढणाऱ्यांसाठी.

९ जानेवारीला साकाई सोडले. तिथून होन्शूच्या दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे: हिमेजी, ओकायामा, मिहारा, शिमोनोसेकी. सामुद्रधुनी ओलांडून क्युशूत कोकुरा, हाकाता, कारात्सु, ताकेओ, सोनोगी. सोनोगीहून ओमुरा आखात होड्यांनी पार करून तोगित्सु, मग पायी उराकामी आणि निशिझाका. सुमारे ८०० किलोमीटर, २७ दिवस, ऐन हिवाळा. कधी पायी, कधी घोड्यावर.

नकाशात तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, ओसाकाहून नागासाकीपर्यंत समुद्रातून सरळ रेष ओढतात. जहाजाने नेले असते तर आठवड्यात पोचले असते, पण लोकांनी बघावे आणि धडा घ्यावा म्हणूनच जमिनीवरून नेले. दुसरी, निघताना २४ होते आणि पोचले २६, हे दाखवायचे राहते. बंद्यांना मदत करायला सुतार फ्रान्सिस्को आणि पेद्रो सुकेजिरो मागोमाग चालत होते. पेद्रोला तर क्योतोच्या फादर ओर्गान्तिनोंनी वाटखर्चाचे पैसे देऊन पाठवले होते. पहाऱ्यावाल्यांनी 'तुम्हीही ख्रिस्ती का' विचारले, दोघे हो म्हणाले, आणि दोघांना बांधले. कोणत्याही हुकुमात ही दोन नावे नव्हती. तिसरी गडबड, ४ फेब्रुवारीची रात्र: ती तुरुंगात नाही, तोगित्सुला होड्यांतच, हात बांधलेल्या अवस्थेत, थंडीत गेली. नागासाकीत गर्दी उसळेल म्हणून शिक्षा अमलात आणणारा अधिकारी तेराझावा हानझाबुरो घाईत होता. त्याने गावात मुक्काम टाळला.

मिहाराहून चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने आईला पत्र लिहिले. ते पोचले नाही. नंतर त्याच्या वडिलांच्या, मिगेल कोझाकींच्या, मृतदेहावर रक्ताने माखलेले सापडले. बापलेक एकाच रांगेत होते.

सुतारपक्षी

क्रूसाबद्दल लिहितो, कारण दरवर्षी देखाव्यात रोमन क्रूस, खिळे आणि काट्यांचा मुकुट दिसतो. निशिझाकावर खिळे वापरले नाहीत.

जपानी क्रूसाला उभा वासा, वर हातांसाठी आडवा, खाली पायांसाठी दुसरा आखूड आडवा, आणि मधोमध बाहेर आलेला खुंटा, ज्यावर माणूस दोन्हीकडे पाय सोडून टेकतो. मनगटांना दोन, घोट्यांना दोन, मानेला एक अशी लोखंडी कडी, शिवाय कमरेला दोर. क्रूस जमिनीवर आडवा ठेवून माणूस जखडायचा, मग उचलून खड्ड्यात सोडायचा. रांगेत क्रूसांमध्ये तीन-चार पावलांचे अंतर, तोंडे शहराकडे. मृत्यू टांगण्याने येत नाही. दोन बाजूंना दोन भालेवाले. डावीकडचा बरगडीखालून उजव्या खांद्याकडे आणि उजवीकडचा डाव्या खांद्याकडे खुपसतो, पाती छातीत एकमेकींना छेदतात. तेवढ्याने न झाल्यास तिसरा वार. म्हणून या संतांच्या चित्रांत छातीवर फुलीसारखे दोन भाले असतात. काही चित्रकार ते हातात देतात, ते चूक.

खुंट्याचे महत्त्व मेक्सिकोच्या फेलिपे दे हेसुस यांच्या बाबतीत कळते. त्यांच्या क्रूसाचा खुंटा खाली बसला होता, शरीर घसरले, सगळा भार मानेच्या कड्यावर आला आणि श्वास कोंडू लागला. ते पाहून भालेवाल्यांनी त्यांना आधी मारले. २६ जणांत पहिला मृत्यू त्यांचा.

आता देखाव्यासाठी. वासा सुमारे ४ बाय ३ इंच जाडीचा, सिल्व्हर ओक किंवा पाइन. साग जड होतो आणि उचलताना चौघे लागतात. उंची नऊ-दहा फूट. मैदानात एक चतुर्थांश जमिनीत जायला हवा. मंचावर खड्डा नसतो, तिथे तीन फुटी चौकट पायाला आणि मागून तिरका टेकू. नुसत्या चौकटीवर ठेवला तर माणूस चढल्यावर पुढे झुकतो, कारण सगळे वजन पुढच्या अंगाला असते. खुंटा आरपार भोक पाडून नट-बोल्टने, खिळ्यांनी नाही. आठ इंच बाहेर, वर पातळ फोम. पायपट्टी अशी लावा की बसल्यावर गुडघे किंचित वाकलेले राहतील. ताठ राहिले तर पोटऱ्यांना पेटके येतात. मनगट-घोट्यांची कडी रेक्झिन आणि वेल्क्रोची, काळा रंग दिला की दहा फुटांवरून लोखंड वाटते. मानेचे कडे लाकडाला जोडू नका. मागून उघडे, नुसते गळ्यात अडकवलेले असू द्या. माणूस घसरला तर काय होते ते वर सांगितलेच आहे. लहान मुलांना तर मानेचे कडे नकोच.

हात आडवे बांधले की पाच-सात मिनिटांत खांदे भरून येतात, दहाव्या मिनिटाला बोटे बधिर. प्रवेश पाच मिनिटांचा ठेवा, उरलेले निवेदन पडद्यामागून. भाल्याला फोमचे पाते, आणि वीतभर आधी थांबायचे. तालमीत बहुतेक वेळा लागते ते हनुवटीला, छातीला नाही. २६ क्रूस करण्याच्या फंदात पडू नका. सहा खरे, बाकी मागच्या कापडावर रंगवा.

घंटाघर

पोशाख: ठिगळे लावलेल्या जाड कापडाचा झगा, कमरेला गाठींची दोरी, पाय अनवाणी. डावा कान कापलेला दिसला पाहिजे. महिनाभरानंतरचा प्रसंग आहे, तेव्हा ताजे रक्त नको, खपली. येशूसंघीय आणि प्रापंचिक यांना फ्रान्सिस्कन झगा घालू नका. एकूण हिशेब: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. देशांनुसार वीस जपानचे, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, एक वसईचा.

शंकासुर

गोन्सालो टेकडीवर नक्की काय बोलले? एका पथनाट्यात 'माझा क्रूस कुठे आहे?' हे त्यांच्या तोंडी होते, दुसऱ्यात त्यांचे पानभर भाषण.

बंदरदरवाजा

क्रूस कुठे असे विचारल्याची आठवण बारा वर्षांच्या लुई इबाराकीची आहे, तो सर्वांत लहान. त्याला सोडण्याची तयारीही दाखवली गेली होती, त्याने नाकारली. भाषण पॉल मिकींचे: मी जपानी आहे, माझा गुन्हा धर्म शिकवला एवढाच, हिदेयोशीला आणि मारणाऱ्यांना मी क्षमा करतो. ते मुळात उत्तम वक्ते होते.

गोन्सालोंबद्दल समकालीन वर्णनात इतकेच आहे की त्यांनी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिया' या प्रार्थना मोठ्याने म्हटल्या. क्रूसावर जखडलेल्यांत ते पहिले होते आणि त्यांचा क्रूस मधोमध उभा राहिला, असेही चरित्रांत येते. पण भाषण नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये बोललेल्या माणसाच्या तोंडी आपण पानभर संवाद घालावा हे मला खटकते. दोन प्रार्थना पुरेत, आणि त्या घाईने म्हणू देऊ नका.

मियाको

साक्षींबद्दल. मुख्य वर्णन लुईस फ्रोइस यांचे, येशूसंघीय. ते तेव्हा नागासाकीतच होते, अहवाल १५ मार्च १५९७ चा, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत. त्याच जुलैत ते वारले. दुसरे फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा, त्यांना बंदरातल्या जहाजावर अडकवून ठेवले होते. पहिल्याचे वर्णन वाचताना फ्रान्सिस्कनांबद्दलची नाराजी वजा करावी, दुसऱ्याचे वाचताना येशूसंघीयांबद्दलची. दोघांत जे जुळते ते निर्धास्त घ्यावे: कडी, भाले, क्रम, मुलांची गाणी. फेलिपेंचा खुंटाही.

तारखेची एक अडचण. जपानी लिखाणात हा दिवस केइचो या जपानी कालखंडाच्या १ ल्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची १९ तारीख असा येतो. केइचो १ म्हणजे १५९६ असे सरळ बदलून काही मराठी लेखांत हौतात्म्य १५९६ चे झाले आहे. ते वर्ष चांद्र होते, त्याचा शेवट आपल्या १५९७ मध्ये सरकतो. ५ फेब्रुवारी १५९७ हेच बरोबर, आणि ते नव्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे. स्पेन-पोर्तुगालने ते १५८२ मध्येच घेतले होते. जागतिक उपासना पंचांगात सण ६ फेब्रुवारीला 'पॉल मिकी आणि सोबती' या नावाने आहे, कारण ५ ला संत आगाथा. गोन्सालो 'सोबती' मध्ये बसतात, त्यामुळे पंचांगात त्यांचे नाव शोधून सापडत नाही अशी तक्रार दरवर्षी येते.

आगाशीकर

वसईत पाहायचे तर: वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेहून किल्लाबंदरची बस. किल्ल्यात तीन मोठी चर्चे लोक एकमेकांत मिसळतात. उंच मनोऱ्याचे ते संत योसेफचे. जमिनीवर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा भरपूर दिसतात ते फ्रान्सिस्कनांचे, संत अंतोनीचे. आणि गोन्सालो जिथे शिकले त्या येशूसंघाच्या जागेचे पवित्र नावाचे चर्च, ज्याला आज सगळे गोन्सालो गार्सिया चर्चच म्हणतात; सणाची मिस्सा तिथे होते. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने मंडप, खांब, ध्वनिक्षेपक यांना लेखी परवानगी लागते आणि जमिनीत खड्डा खणायला ती मिळत नाही. सुतारपक्षींचा तिरका टेकू तिथे उपयोगी. किल्ल्याबाहेर गास गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे.

आडवी माहिती: फ्रान्सिस्कनांचे रक्त या पट्ट्यात त्याआधीही सांडले होते. तोलेन्तिनोचे थॉमस आणि तीन साथीदार ठाण्यात १३२१ मध्ये मारले गेले. गोन्सालोंना ही हकीकत माहीत होती असे कोणी लिहू नये.

शंकासुर

नागासाकीला जाणाऱ्यांसाठी काही? जपानात नोकरीला असलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत.

नकाशेवाला

निशिझाका नागासाकी स्थानकापासून चालत पाचेक मिनिटांवर, चढ आहे. स्मारक आणि संग्रहालय १९६२ चे, संतपदाच्या शताब्दीचे. वास्तुकार केंजी इमाई, कांस्यशिल्प यासुताके फुनाकोशी यांचे. २६ आकृत्या एका रांगेत, पाय अधांतरी, हात जोडलेले किंवा पसरलेले. क्रूस दाखवलेलेच नाहीत. गोन्सालो शोधायचे तर रांगेच्या मधल्या भागात या: पेद्रो बाउतिस्ता, मार्तिन, मग फेलिपे, त्यांच्या शेजारी गोन्सालो, पुढे फ्रान्सिस्को ब्लांको. लहान आकृत्या लुई आणि आंतोनियो यांच्या, त्या बाउतिस्तांच्या दुसऱ्या बाजूला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला ओउरा चर्च, ट्रामने जाता येते. ते याच २६ जणांना अर्पण केलेले आहे आणि निशिझाकाच्या दिशेला तोंड करून बांधले आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक तिथे आले आणि आम्हीही याच धर्माचे आहोत असे फादर पेतिजाँ यांना सांगितले. अडीचशे वर्षे लपून धर्म पाळणाऱ्या जपानी ख्रिस्ती लोकांचा शोध असा लागला. संतपद १८६२ चे, चर्च त्यानंतर दोन-तीन वर्षांत. या क्रमाने पाहिले की ओउरा नीट समजते.

नागासाकीचा विमानतळ ओमुरा आखातातल्या बेटावर आहे. तोगित्सु त्याच आखाताच्या दक्षिण काठाला. पूर्ण शेवटचा टप्पा करायचा असल्यास तोगित्सुपासून उराकामीमार्गे निशिझाका चालत करता येतो, अर्धा दिवस धरा. फेब्रुवारीत गेलात तर गरम कपडे घ्या, आखातावरचा वारा बोचरा असतो.

घंटाघर

एक विनंती, मिस्सेत २६ नावे वाचणाऱ्यांसाठी. यादीत फ्रान्सिस्को चार आहेत (ब्लांको, सान मिगेल, सुतार आणि वैद्य), पॉल तीन, थॉमस दोन. नुसती पहिली नावे वाचली तर ऐकणाऱ्याला एकच माणूस पुन्हा पुन्हा आल्यासारखा वाटतो. आडनाव किंवा व्यवसाय जोडूनच वाचा, आणि वाचणाऱ्याला यादी दोन दिवस आधी द्या.

बंदरदरवाजा

नोंद घेतली. या आठवड्यात फलकांचा मजकूर बारा ओळींत बसवून इथेच टाकतो. दरबाराच्या प्रवेशासाठी कोणाकडे नागोया किल्ल्याच्या आराखड्याचे चांगले चित्र असेल तर सांगा, मागचा पडदा त्यावरून रंगवता येईल.